साडेतीन मिनिटांचे गाणे

पुण्याला जाणारी आपली मंडळी कर्जतला ओळखतात ती बटाटावड्यावरून! घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लागतात, तेवढ्यात वडा हाती येतो. आणि गाडी सुटली की आपल्यापुरते कर्जत संपते. पण स्टेशन सोडून थोडे आत शिरावे, तो डोंगरांच्या कुशीत ठाकरांच्या नि कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. शेजारच्या खालापूर तालुक्यातही तेच. तिथल्या गाण्याला घड्याळ ठाऊक नाही. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि पाय थकेपर्यंत फेर चालू!

असले गाणे तबकडीवर घ्यायचे म्हणजे पंचाईतच. ७८ फेऱ्यांच्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. १९४९ साली अमेरिकेत ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी निघाली आणि पुढे तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून चार गाणी बसू लागली. हीच ती आपल्या घरोघरची ‘ईपी’. आज फोक-रॉक गाणारी तरुण मुले चार-पाच गाण्यांचा छोटा संच काढतात, त्यालाही ईपीच म्हणतात. तबकडी गेली, नाव तेवढे उरले!

लोकगीताला नवा साज चढवला की भांडण हे ठरलेलेच. १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा काही श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली. आपल्याकडे मात्र भांडण न होता एक सुरेख गोष्ट घडली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून १९७७ साली जब्बार पटेलांनी ‘जैत रे जैत’ हा चित्रपट काढला. ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, आशा भोसले आणि रवींद्र साठे यांचे गळे! ठाकरांचे रान शहरातल्या दिवाणखान्यात आले ते या गाण्यांच्या पावलांनी. त्यांचे ऋण मोठेच आहे. तरीपण ती ठाकरांविषयीची गाणी. ठाकरांनी स्वतः गायिलेली नव्हेत.

मग त्यांची स्वतःची गाणी कुठे आहेत? म्हाताऱ्यांच्या मुखात. आणि मुख काही कपाट नव्हे. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी होती, ठाकरांचीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाचलेल्यांना घरे पुन्हा बांधून देता येतात. पण गेलेल्या आजीबरोबर जे गाणे मातीखाली गेले, ते कोणी कोठून आणून द्यायचे?

वाचकहो, हल्ली सुट्टीत कर्जतच्या शेतघरावर जाण्याची आपल्याकडे टूम आहे. खुशाल जावे. प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि त्याला साडेतीन मिनिटांची अट नाही. वाडीवरची एखादी आजी गायला तयार असेल, तर आधी तिची परवानगी घ्यावी, आणि मग गाणे मध्येच न तोडता तिला ते पुरे करू द्यावे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने तबकड्या भरल्या, तेव्हा गाण्याच्या शेवटी ती स्वतःचे नाव ठणकावून सांगे. तसे आजीलाही तिचे नाव आणि तिच्या वाडीचे नाव सांगू द्यावे. आणि त्या गाण्याची पहिली प्रत द्यावी ती तिच्या नातवंडांना. आपली प्रत त्यानंतर.