परीक्षकांची बैठक जोयड्यात भरावी

मुलांसाठी लिहिणाऱ्यांची संमेलने आपल्याकडे भरतात. मुलांची पुस्तके विकणाऱ्यांची प्रदर्शनेही भरतात. परंतु ती पुस्तके वाचून, त्यांतली बरीवाईट निवडून चार लोकांस सांगणाऱ्यांची बैठक भरल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. अशी माणसे मराठीत थोडी नाहीत. कोणी शाळेत शिकवते, कोणी ग्रंथालय सांभाळते, कोणी दोन मुलांची आई असते. फावल्या वेळात ती पुस्तक वाचतात, त्यावर टिपण लिहितात आणि ओळखीच्यांस ते कळवितात. त्याबद्दल त्यांस मानधन नाही आणि मानपत्रही नाही. तरीही कोणत्या घरात कोणते पुस्तक जावे हे पुष्कळदा त्यांच्याच शब्दावर ठरते. या मंडळींनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, आणि पहिली बैठक पुण्यामुंबईत न भरविता उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात भरवावी, अशी आमची सूचना आहे.

सूचना विक्षिप्त वाटेल, म्हणून तिची कारणे क्रमाने सांगतो.

मराठी बालवाङ्मयाची परंपरा लहान नाही. १८७३ साली निघालेला 'बालबोधमेवा', १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी काढलेला 'आनंद' आणि १९७१च्या नोव्हेंबरात बालभारतीने सुरू केलेला 'किशोर' ही नावे घरोघर ठाऊक आहेत. साने गुरुजी, भा. रा. भागवत, विंदा करंदीकर यांच्यापासून माधुरी पुरंदरे यांच्यापर्यंत मोठ्या ताकदीच्या लेखकांनी मुलांसाठी लिहिले. साहित्य अकादमी २०१० सालापासून बालसाहित्यास स्वतंत्र पुरस्कार देते. अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकाराने पुण्यात १९७०च्या दशकात बालकुमार साहित्य संस्था उभी राहिली आणि बालकुमार साहित्याची संमेलने भरू लागली. हे सारे भूषणावह आहे. परंतु या इमारतीला एक खिडकी कमी आहे. मोठ्यांच्या कादंबरीवर वर्ष वर्ष वाद चालतात. मुलांच्या पुस्तकावर मात्र 'भाषा सोपी, चित्रे आकर्षक, मुलांना नक्की आवडेल' अशा तीन वाक्यांत निकाल लागतो. कोणत्या मुलांना आवडेल, हे लिहिणाराही सांगत नाही आणि वाचणाराही विचारीत नाही.

आता जोयड्याकडे वळू. या तालुक्याचे जुने नाव सुपे. काळी नदीवर गणेशगुडी येथे १०१ मीटर उंचीचे धरण झाले, त्याच्या पाण्याखाली सुपे गाव गेले, आणि तालुक्याचा कारभार जोयड्यास आला. उठविलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांची वस्ती रामनगरला झाली. बाकीचा मुलूख दाट रानाचा आहे. आज ज्यास काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात त्याचा मोठा भाग याच तालुक्यात येतो. गोव्याकडे उतरणाऱ्या रेल्वेचे कॅसलरॉक स्टेशन इथलेच. एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जायचे तर मधे रान, ओढा आणि पावसाळ्यात चिखल.

आमचे लक्ष वेधते ते इथल्या मुलांच्या कानांवर पडणाऱ्या भाषांनी. कुणब्यांच्या घरात कोकणी बोलतात. गवळ्यांच्या वाड्यावर मराठीचीच एक जुनी, रांगडी बोली ऐकू येते. सिद्दी कुटुंबांची कोकणी वेगळ्या वळणाची. शाळा कोठे कानडी, कोठे मराठी. बाजार दोन्ही भाषांचा. हा जिल्हा १८६२ सालापासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या सरहद्दीचा वाद मोठ्यांनी पुष्कळ केला आहे. तो आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. आमचा प्रश्न साधा आहे. सहा-सात वर्षांचे मूल घरी एका भाषेत आईशी बोलते, शाळेत दुसऱ्या भाषेत बाराखडी गिरविते आणि बसस्थानकावर तिसरी ऐकते. त्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक पडले, तर ते कोणते असावे?

पुण्यातल्या परीक्षकाने 'सोपी' म्हणून शिफारस केलेली भाषा या मुलास सोपी असेलच असे नाही. 'जिना', 'गच्ची', 'सोसायटी' हे शब्द त्यास कोडे वाटतील. उलट ज्या शब्दापाशी शहरातले मूल अडते, तेथे हे मूल सरळ पुढे जाईल. रानातली कंदमुळे ते नावानिशी ओळखते. धनेश पक्षी त्याने झाडावर पाहिलेला असतो. चित्रकाराने धनेशाची चोच चुकविली तर ती चूक कोणत्याही समीक्षकाआधी जोयड्यातले पोर दाखवील. पुस्तक कोठे कच्चे आणि कोठे पक्के हे पाहण्यास यापेक्षा चांगली कसोटी शोधून सापडणार नाही.

आमच्या गाण्याच्या धंद्यात ही गोष्ट जुनी आहे. दरबारात मानाच्या जागी बसलेल्यांची मान रिवाजाने हलत असे. गाणे खरोखर लागले की नाही हे दाराशी उभ्या असलेल्या चोपदाराच्या चेहऱ्यावरून कळे. त्यास रागाचे नाव सांगता येत नसे, पण तान फसली की त्याची नजर दुसरीकडे जाई. मुलाचे तसेच आहे. पुस्तक फसले की ते वाद घालीत नाही, उठून जाते. हे उठून जाणे ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही त्याने बालपुस्तकावर अभिप्राय द्यावा हे धाडसच म्हटले पाहिजे.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पंडित भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली, तिची आठवण येथे उपयोगी पडेल. तोवर शास्त्र लिहिणारे एकीकडे होते आणि गाणारे दुसरीकडे. ग्रंथकार गवयास अडाणी म्हणत, गवई ग्रंथकारास बेसूर म्हणत. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य होते. परिषदेने पंडित आणि उस्ताद एका मांडवात आणले. सारे वाद मिटले असे नाही. पण ज्या विषयावर निबंध वाचला जाई तो विषय गळ्यावर घेणारा माणूस समोर बसलेला असे. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ येथे परिषदा झाल्या आणि १९२६ साली लखनौस संगीत विद्यालय उभे राहिले. लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहायचे तो, दोघे एका जागी आले की काम पुढे सरकते, एवढाच बोध आम्ही त्यातून घेतो. बालपुस्तकांच्या बैठकीत मूल गैरहजर असेल तर ती बैठक गवयाविना भरलेल्या संगीत परिषदेसारखी होईल.

परदेशातही हा अनुभव आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची शहरे ढिगाऱ्यांत पडली होती, तेव्हा येला लेपमान नावाच्या बाईंनी देशोदेशींची बालपुस्तके मागवून १९४६ साली म्यूनिकमध्ये प्रदर्शन भरविले. त्यातून १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय झाले, १९५१ साली तेथे बालपुस्तकांवर परिषद झाली, आणि १९५३ साली झुरिकला या कामाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. बाईंनी आधी पुस्तके आणून मुलांपुढे ठेवली. परिषद आणि संस्था मागाहून आल्या. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता बैठक कशी भरवावी ते सांगतो, कारण नुसती सूचना करून मोकळे होणे सोपे असते.

माणसे चाळीसांहून अधिक नसावीत. त्यांत मराठीबरोबर कानडी आणि कोकणी बालपुस्तकांवर लिहिणारी मंडळी अवश्य असावीत. कानडी बालवाङ्मयाचे एक आद्य लेखक पंजे मंगेशराव यांची मातृभाषा कोकणी होती, हे आपल्या लोकांस फारसे ठाऊक नसते. शेजारच्या ओसरीवर काय पिकते हे पाहण्याची संधी अशा तालुक्यात आपोआप मिळते. काळ पावसाळ्यानंतरचा, परंतु भातकापणी आणि परीक्षा दोन्ही टाळून. पौष-माघाचे दिवस चांगले. मुक्काम तीन दिवस. प्रवासखर्च ज्याचा त्याने सोसावा, जेवणाचा खर्च वर्गणीतून व्हावा. प्रकाशकांनी पुस्तके द्यावीत, पैसे देऊ नयेत; आणि कोणते पुस्तक भेट आले व कोणते विकत घेतले हे प्रत्येकाने आपल्या टिपणात उघड लिहावे. हा नियम कडक वाटला तरी परीक्षकाची अब्रू त्यावरच टिकते.

सकाळी प्रत्येकाने आठ-दहा मुलांच्या घोळक्यात एक पुस्तक मोठ्याने वाचावे आणि मग गप्प बसावे. 'यातून काय शिकलात?' हा प्रश्न विचारण्यास सक्त मनाई असावी. मुले कोठे हसली, कोठे चुळबुळली, कोणते चित्र पुन्हा उलटून पाहिले, कोणता शब्द आपल्या बोलीत फिरवून घेतला, एवढे टिपावे. दुपारी परीक्षकांनी आपापसांत बसावे आणि चांगल्या टिपणात काय काय असावे हे ठरवावे: वय, किंमत, बांधणी, अक्षराचा आकार, अनुवाद असल्यास मूळ भाषा, चित्रकाराचे नाव. चित्रकाराचे नाव गाळण्याची आपली सवय लाजिरवाणी आहे. संध्याकाळी पुस्तके मिटावीत आणि गावच्या म्हाताऱ्यांनी गोष्टी सांगाव्यात, बायांनी गाणी म्हणावीत. त्या वेळी पाहुण्यांनी केवळ ऐकावे. हार, शाली, नारळ, दीपप्रज्वलन आणि अध्यक्षीय भाषण यांस फाटा द्यावा. वाचलेल्या वेळात आणखी चार पुस्तके वाचून होतील.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की, मुलांची आवड हाच निकाल मानला तर परीक्षकाची गरज काय? मुलास गोड आवडते म्हणून त्यास रोज पेढेच द्यायचे काय? आक्षेप खरा आहे. मुलाची पसंती हा पुरावा आहे, निवाडा नव्हे. जे पुस्तक त्याने कधी पाहिलेच नाही ते त्यास मागता येत नाही; ते शोधून त्याच्यापुढे ठेवणे हेच परीक्षकाचे काम. शिष्यास कोणता राग आधी द्यावा हे गुरू ठरवितो, पण शिष्याचा आवाज ऐकल्यावाचून ठरवीत नाही. निवाडा मोठ्यांनीच द्यावा, मात्र साक्ष ऐकून द्यावा.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. शहरातली चाळीस माणसे रानातल्या मुलांकडे नमुने म्हणून पाहावयास जाणार, छायाचित्रे काढणार, हळहळणार आणि परत येऊन लेख लिहिणार. असे दौरे या मुलखाने पुष्कळ पाहिले असतील. हा धोका टाळण्याची हमी देता येत नसेल तर बैठक न भरलेली बरी. म्हणून यजमानपण तिथल्या शिक्षकांकडे असावे. कोणती शाळा, कोणता वार, किती मुले हे त्यांनी ठरवावे. मुलांची छायाचित्रे काढू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाहुण्यांनी निघताना काही तरी मागे ठेवावे व पुढील वर्षी पुन्हा यावे.

मागे काय ठेवावे? येथेही बडोद्याकडेच पाहावे लागते. १९१० साली सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभारली. त्या व्यवस्थेत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठवीत. एका गावी वाचून झाली की पेटी दुसरीकडे जाई. राजाची तिजोरी आज आपल्या पाठीशी नाही, पण चार पेट्यांस तिजोरी लागत नाही. प्रत्येक पेटीत पन्नास पुस्तके, मराठी, कानडी आणि कोकणी मिसळून. पेट्या चार शाळांत ठेवाव्यात आणि दर तीन महिन्यांनी आपसांत बदलाव्यात. फाटलेल्या पुस्तकाबद्दल कोणासही जाब विचारू नये. फाटलेले पुस्तक हे वाचले गेल्याचेच लक्षण समजावे. वर्षअखेरीस कोणती पुस्तके फाटली आणि कोणती कोरी राहिली याची यादी शिक्षकांनी कळवावी. ती यादी जशीच्या तशी छापली तर आमच्या मते ते मराठी बालपुस्तकांचे त्या वर्षीचे सर्वांत प्रामाणिक परीक्षण होईल.

काम चाळीस माणसांचे, तीन दिवसांचे आणि दोनशे पुस्तकांचे आहे. यासाठी शासनाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही, की घटना आणि कार्यकारिणी निवडण्याचेही नाही. रामनगरच्या बाजूस मराठी शाळांची परंपरा आहे. तिथल्या एखाद्या शिक्षकास एक पत्र लिहून, 'आम्ही आलो तर चालेल का, आणि केव्हा यावे?' असे विचारणे ही पहिली पायरी. उत्तर 'नको' असे आले तर तेही मुकाट्याने स्वीकारावे आणि दुसऱ्या गावास विचारावे. 'या' असे आले, तर पेट्या भरण्यास त्याच दिवशी लागावे.