देवाचं गाणं आणि माणसाची मजुरी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कॉम्प्युटरपासून लांब बसवलं होतं. पण गेल्या रविवारी असं काही घडलं की लिहिल्याशिवाय चैन पडेना. विषय कडू आहे. आमच्या नातेवाइकांपैकी काहींना लागेलही. लागू द्या, सर्वांत आधी तो मलाच लागला आहे.

उपासना संपून चर्चच्या आवारात चहा चालला होता. तरुण संघातला एक मुलगा (माझाच जुना विद्यार्थी) खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाला, "सर, यात साडेचारशे ख्रिस्ती गाणी आहेत, मराठी-हिंदी सगळी. नाताळसाठी सगळ्यांना भरून देतोय. तुम्हाला देऊ?"

"कुठून आणलीस?"

"काही एका साइटवरून उतरवली, काही मित्रांकडून घेतली."

"ज्यांची आहेत त्यांना विचारलंस?"

तो हसला. "सर, देवाची गाणी आहेत. देवाच्या गाण्याला कसली परवानगी?"

शेजारी उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "सुवार्ता पसरतेय ना, मग झालं!" मी तिथे गप्प बसलो. वर्गात पस्तीस वर्षं बोलणारा माणूस नेमका तिथे गप्प बसला. म्हणून आता इथे बोलतो.

पहिली गोष्ट. गाणं देवाचं असेल, पण स्टुडिओचं भाडं देवाने भरलेलं नसतं. तबलजी, बासरीवाला, रेकॉर्डिंग करणारा, सगळ्यांना त्या दिवशी रोख द्यावे लागतात. आपल्या मराठी ख्रिस्ती गाण्यांमागे बहुतेक वेळा कुठली गडगंज कंपनी नसते. असतो एखादा शिक्षक, एखादा पाळक, पतपेढीचं कर्ज काढून गाणी काढणारा. "मोठ्यांचं थोडं घेतलं तर काय बिघडलं" ही पळवाटसुद्धा (तीही खोटीच) आपल्याला उपलब्ध नाही.

दुसरी गोष्ट, शास्त्राची. या वादात हमखास एक वचन पुढे येतं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो की जे मोफत मिळालं ते मोफत द्या. आठवी ओवी. पण बाबांनो, ते सांगितलंय कोणाला? देणाऱ्याला! घेणाऱ्याने दुसऱ्याच्या खिशात हात घालून "तू मोफत दे" म्हणावं, असं तिथे कुठे लिहिलंय? आणि आठव्या ओवीवर थांबू नका, दहावी वाचा. त्याच भाषणात, दोनच ओव्या पुढे, कामकऱ्याचा त्याच्या पोटावर हक्क आहे असं प्रभू सांगतो. तो कामकरी म्हणजे शेतातला मजूर नव्हे, तर देवाचंच काम करायला निघालेला शिष्य. आपण आठवी ओवी पाठ केली आणि दहावी गाळली. परीक्षेत असं केलं असतं तर मी अर्धे गुण कापले असते.

अमेरिकेतल्या कीथ ग्रीन या ख्रिस्ती गायकाने 1980 साली आपला अल्बम 'ज्याला जे परवडेल ते द्या' म्हणून लोकांना दिला. उत्तम केलं. पण ते त्याने ठरवलं. ऐकणाऱ्यांनी परस्पर ठरवलं नाही. सगळा फरक तेवढाच आहे. दान आणि चोरी, दोन्हींत वस्तू मोफतच मिळते.

तिसरी गोष्ट, कायद्याची. (मी बी.ए. मराठीवाला, वकील नव्हे, पण वाचता येतं.) आपला 1957 चा कॉपीराइट कायदा धर्माच्या बाबतीत चांगलाच उदार आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं गायलं किंवा वाजवलं तर तो हक्कभंग होत नाही, कलम 52 मध्ये तशी सूट आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा त्यांची भजनं आज सर्वांची आहेत. खुशाल छापा, खुशाल गा. मात्र त्याच भजनाचं आजच्या कोणी केलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू आहे, तिचा हक्क वेगळा. म्हणजे उपासनेत गाण्यापासून आपल्याला कोणी अडवलेलंच नाही. अडवलंय ते प्रती काढून वाटण्यापासून. आणि आपण नेमकं तेवढंच करतो!

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. शिकागोच्या कॅथलिक चर्चमध्ये गीतांच्या झेरॉक्स सर्रास वाटल्या जायच्या. 1976 साली प्रकाशकाने कोर्टात खेचलं. 1984 मध्ये ज्युरीने तीस लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली. ती मोठी रक्कम पुढे अपिलात टिकली नाही, पण चर्चेसना घाम फुटला. चर्चने वर्षाला ठरावीक फी भरून गीतांच्या प्रती काढायची व्यवस्था तिकडे नंतर रुळली. माझं दुःख एवढंच की अक्कल कोर्टाने शिकवावी लागली. चोरी न करण्याची आज्ञा तर भिंतीवरच टांगलेली होती.

"सर, आपले लोक गरीब आहेत" असंही मला ऐकवलं गेलं. गरीब आहोत, मान्य. पण कित्येक गायक आता स्वतःच यूट्यूबवर गाणी टाकतात, तिथे ऐका ना! नाताळच्या केकला, कपड्यांना, चांदणीच्या रोषणाईला पैसे निघतात. फक्त गाण्याच्या वेळी आपण गरीब होतो.

दावीद राजाची गोष्ट आठवा. वेदी बांधायला अरवना आपलं खळं, बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. मालक स्वतः देत होता, तरी दावीदाने पन्नास शेकेल चांदी मोजली. स्वतःला ज्याची काही झळ लागली नाही ते देवाला वाहायचं नाही, हा त्याचा बाणा. आणि आपण मालकाला न विचारता उचललेलं देवापुढे लावतो.

आता माझं.

1991 साली आमच्या नगरच्या पेटीमास्तरांनी स्वतःच्या बारा गीतांची कॅसेट काढली. पाचशे प्रती, किंमत तीस रुपये. मी एक विकत घेतली. घरी नवा डबल डेकचा टेप आला होता. त्यावर मी अकरा प्रती काढल्या आणि मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना नाताळची भेट म्हणून दिल्या. (तुमच्यापैकी काहींच्या कपाटात माझ्या अक्षरातलं लेबल अजून असेल.) मला वाटलं, मी त्यांचा प्रचार करतोय. मास्तरांनी पुन्हा कॅसेट काढली नाही. कर्ज फेडायला त्यांना चार वर्षं लागली. ते वारले तेव्हा भेटायला गेलो, तर खाटेखाली न खपलेल्या कॅसेटचे खोके होते. मी ते पाहिले, चहा प्यायलो आणि घरी आलो.

जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. अकरा गुणिले तीस, तीनशे तीस. चौपट म्हणजे तेराशे वीस. महागाई धरली तर तेही कमीच. परवा पाकिटात घालून मास्तरांच्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. "कशाला हो गुरुजी" असं त्या म्हणतील अशी माझी अटकळ होती. म्हणाल्या नाहीत. त्यांनी नोटा काढून मोजल्या आणि आत ठेवल्या.

येत्या रविवारी त्या मुलाशी बोलणार आहे. त्याला आधी ही कॅसेटचीच गोष्ट सांगेन. ज्यांच्याकडे ती लेबलं आहेत, त्यांनी मला फोन करा. पत्ता देतो.

असो. नाताळच्या आगाऊ शुभेच्छा.