आधी शाई, मग ठसा

भेंडीच्या देठाकडचा तुकडा रंगात टेकवून कागदावर दाबला की पाकळ्यांचे फूल उमटते. चित्रकलेच्या तासाला शिकलेले हे ठसेकाम हाताने बनवलेल्या शुभेच्छापत्रांचा आणि चिकटवहीच्या पानांचाही पाया आहे. भेंडीच्या जागी शिक्का येतो, रंगाच्या जागी शाई. शिक्का घेताना चित्र पाहिले जाते, शाईचा विचार मागे राहतो. काम बिघडते ते मात्र बहुतेक वेळा शाईमुळे.

या छंदाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेऊन विक्रीसाठी नाताळचे शुभेच्छापत्र छापले. त्याची किंमत एक शिलिंग होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट मिळाले आणि रबरी शिक्क्यांचा मार्ग मोकळा झाला. १८७३ साली लेखक मार्क ट्वेन यांनी चिकटवहीचे पेटंट घेतले. तिच्या पानांना आधीच गोंद लावलेला असे. पान ओले करायचे आणि कात्रण बसवायचे.

शिक्के मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला रबरी शिक्का बारीक रेषा स्पष्ट उमटवतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. पारदर्शक शिक्का अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात; त्यातून खालचा कागद दिसत असल्याने ठसा हव्या त्या जागी बसवता येतो. असे शिक्के उन्हात ठेवू नयेत. नव्या पारदर्शक शिक्क्यावर शाईचे थेंब होत असतील, तर त्यावर खोडरबर हलकेच फिरवावा. खोडरबर कोरून घरीही शिक्का करता येतो. तेव्हा अक्षरे उलटी कोरावी लागतात, कारण ठसा आरशातल्या प्रतिमेसारखा उमटतो.

शाईची निवड तीन गोष्टींवरून ठरते: कागद कोणता, वर रंग कोणता भरायचा आणि ते पान किती वर्षे टिकायला हवे. डाय शाईत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. ती कागदात मुरते, लवकर वाळते, पण उजेडात फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात. ते कागदाच्या पृष्ठभागावर राहतात, म्हणून ठसा गडद दिसतो आणि उजेडातही टिकतो. वाळायला मात्र वेळ लागतो. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ही शाई बराच काळ ओलसर राहते आणि हात लागताच फिसकटते. तिसरी सॉल्व्हंट शाई प्लास्टिक, काच आणि धातूवरही बसते.

ठशाच्या आत रंग भरायचा असेल तर आणखी एक नियम पाळावा लागतो. बाह्यरेषेची शाई ज्या द्रवात विरघळते, तो द्रव रंगात नसावा. जलरंग वापरायचे असतील तर वाळल्यावर पाण्याने न हलणारी शाई घ्यावी. अल्कोहोल मार्कर वापरायचे असतील तर सॉल्व्हंट शाई टाळावी, नाहीतर काळी रेषा रंगात मिसळून चित्र मळते. रद्दी तुकड्यावर एकदा ठसा उमटवून, वाळवून, त्यावर रंग फिरवून पाहिला की खात्री होते.

ठसा उमटवताना शिक्का शाईच्या पॅडवर दाबू नये. पॅडच शिक्क्यावर हलक्या हाताने टेकवत न्यावे. त्यामुळे शाई सारखी लागते आणि कडांना साचत नाही. कागदाखाली पातळ फोम ठेवावा, शिक्का सरळ दाबावा आणि सरळच उचलावा. डोलवला की दुहेरी कडा उमटते. फिकी छटा हवी असल्यास आधी रद्दी कागदावर एक ठसा घ्यावा आणि पुन्हा शाई न लावता दुसरा ठसा मूळ कागदावर उमटवावा. एका फुलामागे दुसरे फूल दाखवायचे असेल तर पुढचे फूल आधी उमटवतात. त्याच फुलाचा ठसा चिकटचिठ्ठीवर घेऊन कापतात, पहिल्या फुलावर झाकण म्हणून बसवतात आणि मग मागचे फूल उमटवतात.

उठावाच्या ठशासाठी पिगमेंट शाईचा संथपणाच उपयोगी पडतो. ओल्या ठशावर एम्बॉसिंग पावडर टाकून उरलेली झटकली, की ती फक्त रेषांवर राहते. हीट गनच्या उष्णतेने ती वितळून चकचकीत, उंच रेषा बनते. कागद चिमट्यात धरावा आणि हीट गन एकाच जागी थांबवू नये, नाहीतर कागद करपतो.

शुभेच्छापत्रासाठी २५० ते ३०० जीएसएमचा कागद योग्य. ए-४ आकाराचा ताव मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरची दोन पत्रे होतात. ती सी-६ लिफाफ्यात बसतात. घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढली की कागद फाटत नाही. टपालाने पाठवायच्या पत्रावर मणी किंवा जाड बटणे लावू नयेत.

शुभेच्छापत्र काही दिवस कपाटावर उभे राहते. चिकटवही पुढच्या पिढीकडे जाते. म्हणून तिथे सामग्रीची निवड अधिक कडक हवी. कागद आम्लरहित आणि लिग्निनरहित असावा. लाकडातल्या लिग्निनमुळेच वर्तमानपत्र पिवळे पडते. कात्रणाची प्रत चांगल्या कागदावर काढून तीच लावावी. थर्मल कागदावरची तिकिटे आणि पावत्या काही वर्षांत कोऱ्या होतात. त्यांचीही प्रत काढावी. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात लिग्निन जवळजवळ नसते; १९४० साली सुरू झालेल्या पुण्याच्या हातकागद संस्थेने महाराष्ट्रात या कागदाची परंपरा जपली आहे. पीव्हीसीची आवरणे फोटोंना घातक असतात, पॉलिप्रोपिलीनची चालतात. चिकटपट्टी पिवळी पडून डाग सोडते, तर खळीमुळे कसर लागते. त्याऐवजी कागदी कोपऱ्यांत फोटो अडकवावेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वही भिंतीला टेकवून ठेवू नये. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

चिकटवहीचे पान साधारण १२ इंच चौरस असते. त्यावर एक मुख्य फोटो, त्याला साथ देणारे दोन-तीन लहान फोटो आणि मजकुराला मोकळी जागा एवढे पुरते. ठसे कडेला राहावेत. त्यांनी फोटोवर मात करू नये. पानावर सर्वात मोलाचा असतो तो हाताने लिहिलेला मजकूर: कोण, कुठे, कधी आणि निमित्त काय. आजी-आजोबांच्या जुन्या फोटोतल्या माणसांची नावे सांगणारे घरात आहेत, तोवरच ती विचारून घ्यावीत आणि न पसरणाऱ्या पिगमेंट शाईच्या पेनने फोटोखाली लिहून ठेवावीत.