हॅशमागे दडवलेल्या दोन ओळी

गिट प्रकल्पाचे देखभालकर्ते श्री. जुनियो हमानो आणि त्यांचे सहकारी यांस,

कुणीही 'गिट इनिट' ही आज्ञा दिली की आपला प्रोग्राम नव्या रेपोच्या पोटात 'इन्फो' नावाचा फोल्डर करतो आणि त्यात 'एक्सक्लूड' नावाची छोटीशी फाइल ठेवतो. तिच्या प्रत्येक ओळीआधी हॅशची खूण असते, म्हणजे प्रत्येक ओळ निष्क्रिय. शेवटच्या दोन ओळींत कंपाइलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइल्सचा आणि एडिटरने मागे टाकलेल्या बॅकअप प्रतींचा नमुना दिलेला आहे. वर सूचना अशी, की प्रकल्प मुख्यतः सी भाषेत असेल तर हे नमुने उपयोगी पडतील, हवे असल्यास हॅश काढून टाका. म्हणजे काय वगळायला हवे याची आपल्याला जाण आहे. ती लिहूनही ठेवली आहे. फक्त ती कुणाच्या कामी येऊ नये, याची खबरदारी घेतली आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले आणि त्याच वर्षी जुलैत त्याची धुरा आपल्याकडे आली. तेव्हापासून धोरण एकच आहे: स्वतःचा 'डॉट-गिट' फोल्डर सोडला तर गिट आपणहून काहीही वगळत नाही. मॅकच्या फाइंडरने सांडलेली डॉट-डीएस-स्टोअर, विंडोजची थम्ब्स-डीबी, व्हिमची स्वॉप फाइल, हजारो फाइल्सनी फुगलेला नोड-मोड्युल्स, डेटाबेसचा पासवर्ड असलेली डॉट-एन्व्ह, आयडी-आरएसए नावाची खासगी किल्ली... 'गिट अ‍ॅड डॉट' म्हटले की सगळी एकाच रांगेत. निवाडा करायचा नाही, म्हणजे आपण निःपक्षपाती ठरलो, असा यामागचा आव आहे. पण सगळेच आत घेणे हाही निवाडाच झाला, आणि त्याची किंमत मोजणारी माणसे आपल्या मेलिंग लिस्टवर नसतात.

ती किंमत आकड्यांत मांडता येते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहबवरील सार्वजनिक रेपोंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक लाखाहून अधिक रेपोंमध्ये गुप्त किल्ल्या उघड्या पडलेल्या आढळल्या, आणि दररोज हजारो नव्या किल्ल्यांची त्यात भर पडत होती. दोन आठवडे उलटून गेल्यावरही सुमारे ८१ टक्के किल्ल्या जागच्या जागी होत्या. गिटगार्डियन या कंपनीने सार्वजनिक कमिट्समध्ये २०२१ साली ६० लाखांहून अधिक गुपिते मोजली. २०२२ मध्ये १ कोटी, २०२३ मध्ये १ कोटी २८ लाख, २०२४ मध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख. ही कंपनी याच दुखण्यावरचे औषध विकते, तेव्हा तिने सांगितलेला रोग्यांचा आकडा थोडा हात राखूनच घ्यावा. पण गिटहबने स्वतः दिलेला आकडाही काही दिलासा देणारा नाही: २०२४ च्या पहिल्या आठ आठवड्यांत सार्वजनिक रेपोंत दहा लाखांहून अधिक गुपिते, म्हणजे मिनिटाला डझनापेक्षा जास्त. आणि गिटहब तरी कुठे सुटले? मार्च २०२३ मध्ये त्यांच्याच सर्व्हरची आरएसए खासगी किल्ली एका सार्वजनिक रेपोत काही काळ उघडी पडली आणि २४ तारखेला त्यांना ती घाईघाईने बदलावी लागली. ज्यांचे सगळे दुकानच गिटवर उभे आहे, त्यांची ही गत.

आपले उत्तर काय असेल याचा अंदाज आहे. यातली बरीच गुपिते थेट कोडमध्ये लिहिलेली असतात, ती वगळण्याच्या यादीने अडली नसती. कबूल. टोयोटाची टी-कनेक्ट सेवेची किल्ली डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर पडून होती आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले. ती किल्ली सोर्स कोडमध्येच होती. तिचा दोष आपल्या माथी मारण्याचा इरादा नाही. पण ज्या फाइलचे नावच ओरडून सांगते की आत खासगी किल्ली आहे, तिच्या बाबतीत हे उत्तर कामाचे नाही. आणि नेमकी कोडमधली गुपिते बाहेर काढून डॉट-एन्व्हमध्ये ठेवा, हा शहाणपणा गेली दहा-बारा वर्षे प्रत्येक ट्युटोरियल शिकवते आहे. शहाण्या विद्यार्थ्याने तसे केले, आणि आपल्या प्रोग्रामने ती फाइल उचलून कमिटमध्ये ठेवली.

पुढचे आपल्याला सांगायला नको. चूक लक्षात आल्यावर तो विद्यार्थी डॉट-गिटइग्नोर फाइल करतो, तीत डॉट-एन्व्ह लिहितो आणि निर्धास्त होतो. काहीही बदलत नाही, कारण एकदा नोंदलेल्या फाइलला ती यादी लागूच होत नाही. मग तो फाइल डिलीट करून पुन्हा कमिट करतो. तरीही ती जुन्या कमिटमध्ये शाबूत असते, शोधणाऱ्याला दोन आज्ञांत सापडते. इतिहास पुसायला वेगळे हत्यार लागते, आणि ते वापरल्यावर ज्यांनी ज्यांनी क्लोन केले त्या सर्वांची नवी डोकेदुखी सुरू होते. म्हणून प्रश्न आहे तो पहिल्या 'अ‍ॅड'च्या क्षणाचा. त्या क्षणी जागा असतो तो फक्त गिट, आणि तो गप्प बसतो. गिटहबची 'पुश प्रोटेक्शन' २०२४ पासून सार्वजनिक रेपोंसाठी डिफॉल्ट झाली, पण ती दारावर अडवते. तोवर कमिट होऊन गेलेले असते.

गिटहबच्याच २०२४ च्या आकड्यांनुसार भारतात तेव्हा १ कोटी ७० लाखांहून अधिक डेव्हलपर त्या संकेतस्थळावर होते. त्यांतले अनेक पुण्या-नाशिकच्या, सांगली-छत्रपती संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतले, रेझ्युमेवर रेपोची लिंक द्यायची म्हणून पहिल्यांदा गिटला हात लावणारे. त्यांनी मॅन्युअल वाचावे, ही अपेक्षा रास्त. पण कोणते पान वाचायचे हे कळायलाही आधी एकदा ठेच लागावी लागते.

आपला प्रोग्राम मितभाषी आहे म्हणावे तर तसेही नाही. विंडोजवर ओळ संपवण्याची खूण बदलणार असेल, तर प्रत्येक फाइलमागे एक इशारा छापतो. एका रेपोत चुकून दुसरा रेपो घातला, तर परिच्छेदभर समजावतो आणि चूक कशी निस्तरायची तेही सांगतो. या दक्षतेला दाद द्यायलाच हवी. फक्त सर्व्हरची खासगी किल्ली आत जाताना त्याच्या तोंडून अक्षर फुटत नाही. ओपन-एसएसएचचे पाहा. किल्लीच्या फाइलवरच्या परवानग्या जराशा सैल दिसल्या, तरी तो चौकटीत इशारा छापतो आणि ती किल्ली वापरायला साफ नकार देतो. त्याच फाइलच्या बाबतीत शेजारी बसलेला गिट तिची प्रत काढून जगात पाठवण्याची तयारी करतो.

बरे, वगळण्याची यादी भरूनच देण्याची कल्पना काही कालची नाही. सीव्हीएस या जुन्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीत तीसेक नमुन्यांची यादी आधीपासून भरलेली होती: बॅकअप प्रती, पॅचचे उरलेले तुकडे, ऑब्जेक्ट फाइल्स, टॅग्ज. २००४ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या सबव्हर्जनने ती यादी आटोपशीर केली आणि पुढे तीत डॉट-डीएस-स्टोअरलाही जागा दिली. डार्क्सने तर 'बोअरिंग' नावाची फाइलच ठेवली. कंटाळवाणे ते सगळे तिच्यात. गिट ज्यांची जागा घ्यायला आले, त्या जवळजवळ प्रत्येकाकडे काहीतरी यादी होती. आपण ती पाटी पुसली.

त्या याद्यांनी घोळ घातले, हेही खरे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सीव्हीएस 'कोर' हे नाव वगळत असे, कारण प्रोग्राम कोसळल्यावर पडणाऱ्या डंप फाइलचे ते नाव. पण 'कोर' नावाचा फोल्डर प्रामाणिक प्रकल्पातही असतो, आणि तो गुपचूप बाहेर राहायचा. सबव्हर्जन 'ए' आणि 'एसओ' शेपटीच्या लायब्ररी वगळतो. बाहेरून आणलेली तयार लायब्ररी फोल्डरसकट आत घातली की नेमकी तीच गळते, आणि दुसऱ्याच्या मशीनवर बिल्ड मोडल्यावर अर्धा दिवस शोधाशोध. हा आक्षेप आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम आक्षेप आहे. मात्र त्यातून निघतो तो धडा एवढाच, की बिल्डमधून बाहेर पडणाऱ्या फाइल्सच्या वाटेला व्हर्जन कंट्रोलने जाऊ नये. ते ज्या-त्या हत्याराचे काम. आणि आपण हलत नाही म्हटल्यावर त्या हत्यारांनी ते अंगावर घेतलेच आहे: रस्टचा कार्गो नवा प्रकल्प करतानाच 'टार्गेट' फोल्डर वगळणारी डॉट-गिटइग्नोर लिहून देतो, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून 'व्हेन्व्ह' स्वतःच्या फोल्डरात एका तारकेची डॉट-गिटइग्नोर टाकून स्वतःलाच वगळतो. फाइंडरकडून किंवा खासगी किल्लीकडून असल्या समंजसपणाची आशा करता येत नाही. उरलेला प्रश्न तेवढाच आहे, आणि तो छोटा आहे.

एक अडचण मात्र आपल्या घरातली आहे, आणि डिफॉल्ट यादी मागणारेही तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत. गिटच्या लेखी वगळलेली फाइल म्हणजे टाकाऊ फाइल. ब्रँच बदलताना त्याच नावाची फाइल समोरून आली, तर वगळलेली फाइल न विचारता पुसली जाऊ शकते; 'गिट क्लीन'ला 'एक्स' जोडला की सगळ्याच वगळलेल्या फाइल्स जातात. 'नोंदू नको, पण जपून ठेव' असे गिटला सांगण्याची सोयच नाही. अशी सोय असावी, ही चर्चा आपल्याकडे एकदा नव्हे, अनेकदा झाली. तेव्हा डॉट-एन्व्ह नुसती वगळण्याच्या यादीत ढकलणे हा उपाय नव्हे. ती चोरीपासून वाचेल आणि एखाद्या दिवशी घरच्याच केरसुणीने जाईल.

म्हणून मागणी दोन वेगळ्या गोष्टींची आहे. कचरा वगळा: डॉट-डीएस-स्टोअर, थम्ब्स-डीबी, व्हिमच्या स्वॉप फाइल्स, तिल्डेवाल्या प्रती, बस. त्यासाठी नवे यंत्र नको. २०१२ च्या १.७.१२ आवृत्तीपासून गिट प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरातली जागतिक यादी आपोआप वाचतो. ती बहुतेकांकडे नसते, कारण ती कुणी तयारच करून देत नाही. बझार या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीने हे केले होते: यादी प्रोग्रामच्या आत न लपवता वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहून दिली, ज्याला पटेल त्याने ठेवावी, न पटेल त्याने खोडावी. पहिल्या 'इनिट'ला ही फाइल नसेल तर तयार करा, केल्याचे एका ओळीत सांगा, आधीपासून असेल तर तिला हात लावू नका.

गुपिते मात्र वगळू नका, अडवा. आयडी-आरएसए, 'पेम' शेपटीच्या फाइल्स, नेमकी डॉट-एन्व्ह हेच नाव. नमुन्यादाखल ठेवलेली डॉट-एन्व्ह-एक्झाम्पल बेशक जाऊ द्या. फाइल उघडून आत डोकावण्याची गरज नाही, नाव पुरे. वगळलेली फाइल हट्टाने 'अ‍ॅड' केली की आपण आजही नकार देता आणि खरोखर हवी असेल तर 'एफ' लावा असे सुचवता. तेच वाक्य, तीच सोय, तोच इशारा बंद करण्याचा पर्याय. चाचणीसाठी खोट्या किल्ल्या ठेवणाऱ्याला एक अक्षर जास्त टाइप करावे लागेल.

डिफॉल्ट बदलता येत नाहीत, हे कारण तर कृपया पुढे करू नका. २०१४ च्या २.० आवृत्तीत 'पुश'चा डिफॉल्ट बदलला. एप्रिल २०२२ मध्ये सुरक्षेसाठी दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात काम करायला गिटने नकार द्यायला सुरुवात केली. रातोरात कितीतरी कंपन्यांची बिल्ड यंत्रणा अडली, पण आपण मागे हटला नाहीत, आणि ते योग्यच होते. ३.० साठी तर नव्या रेपोंचा हॅशच एसएचए-१ वरून एसएचए-२५६ वर नेण्याचे ठरते आहे. गणिती टक्कर घडवून आणणारा कुणी हल्लेखोर कधीतरी येईल, त्याच्यासाठी एवढी जय्यत तयारी. आणि मिनिटाला डझनाने बाहेर पडणाऱ्या किल्ल्यांसाठी हॅशमागच्या दोन ओळी.

गंमत अशी की गिटच्या स्वतःच्या सोर्स कोडसोबतची डॉट-गिटइग्नोर दोनशेहून अधिक ओळींची आहे. तीत ऑब्जेक्ट फाइल्स आहेत, विंडोजच्या 'ईएक्सई' आहेत, पायथनच्या कंपाइल्ड फाइल्स आहेत, सीव्हीएसच्या यादीतले ते 'टॅग्ज'ही आहेत. आपल्या अंगणात ती शिस्त आपण काटेकोर पाळता.

३.० मधल्या मोठ्या बदलांची यादी आपल्याच दस्तऐवजांत आहे. हे कलम तिच्यात घाला. घालायचे नसेल तर नकाराची कारणे गिटइग्नोरच्या मॅन्युअलमध्ये छापा. एडिटरच्या तात्पुरत्या फाइल्स ज्याने-त्याने आपापल्या जागतिक यादीत घालाव्यात, असा उपदेश आज तिथे आहे, पण खासगी किल्ल्यांचे काय करायचे याचा त्यात शब्दही नाही.