फोनवर न मिळणारी गोळी

निफाडच्या भगिनीनं विचारलंय, "मुलाला अतिचंचलतेचा विकार, म्हणजे एडीएचडी, आहे. नाशिकच्या खेपा झेपत नाहीत. फोनवरून गोळी लिहून मिळेल का?"

सल्ला मिळेल, पण मिथाइलफेनिडेटची गोळी नाही. तिचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत तिला मनाई आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक औषधवाला ठेवून घेतो. तेव्हा चिठ्ठीविना कुणी घरपोच देऊ म्हणालं, तरी घेऊ नका. मुलाला मनोविकारतज्ज्ञांकडे न्याच. शाळेच्या वह्या, बाईंचे शेरे सोबत ठेवा. फोनवर लिहून देता येईल असं दुसरं औषध चालेल का, तेही तिथंच विचारा. तोवर 'टेली-मानस'च्या १४४१६ वर बोला. पैसे पडत नाहीत. आणि बरं का, यात तुमचं वळण कमी पडलेलं नाही!