म्हातारपणाचा विमा : हप्ता कापसाच्या भावात मोजा

पगारदार माणसाला निवृत्ती असते. साठीच्या आसपास शाल-नारळ मिळतो, फंडाची रक्कम हाती येते, आणि आजारपणात दाखवायला बहुधा कोणते ना कोणते कार्ड खिशात असते. शेतकऱ्याला निवृत्तीच नाही. ज्या वयात शहरातली मंडळी सकाळी पाय मोकळे करायला निघतात, त्या वयात आपली म्हातारी माणसे निंदणाला, वेचणीला, नाहीतर रानडुकरांच्या राखणीला जातात. गुडघे गेले, डोळे गेले, तरी धुऱ्यावर बसून का होईना, पण काम चालूच. मग एके दिवशी छातीत कळ येते, जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते, आणि पोराला सावकाराकडे नाहीतर सोयऱ्याकडे धावावे लागते. मुलीच्या लग्नाच्या कर्जाबद्दल आपण पुष्कळ बोललो. दवाखान्याच्या कर्जाबद्दल त्या मानाने कमी बोललो.

आता गावोगाव विम्याचे एजंट फिरू लागले आहेत. साठी उलटलेल्या नवरा-बायकोसाठी आरोग्य विम्याची पॉलिसी घ्या म्हणतात. घ्यावी की नाही, घ्यायची तर कोणती, हा प्रश्न बैठकांतून विचारला जातो. आमचे मत सरळ आहे. सरकारी योजनेची कार्डे आजारी पडण्याच्या आधी काढून ठेवा. खासगी पॉलिसी मात्र तेव्हाच घ्या, जेव्हा सर्वांत वाईट सालातही तिचा हप्ता भरता येईल असा हिशेब बसेल. एजंटाच्या छापील कागदावर हा हिशेब नसतो, तो घरच्या वहीतच मांडावा लागतो.

त्याआधी एक घोळ निस्तरू. बँकेच्या खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात, म्हणजे आपला विमा आहे, असे पुष्कळांना वाटते. तो २० रुपयांचा विमा अपघाताचा. अपघाती मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच त्याचा उपयोग, आणि तोही वयाच्या ७० पर्यंत. ४३६ रुपयांचा कापला जातो तो जीवन विमा. त्यात पन्नाशीनंतर शिरता येत नाही आणि ५५ ला तो संपतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकऱ्यांची योजना आहे तीही अपघाताचीच, वय १० ते ७५. साप चावला, वीज पडली, तर या योजना. हर्निया, मोतीबिंदू, मूत्रपिंड, कॅन्सर यांतल्या एकालाही त्यांतला रुपया मिळत नाही. पासबुकात कापलेली रक्कम दिसते म्हणून निर्धास्त राहिलेल्यांनी हे नीट समजून घ्यावे.

सरकारी योजनांचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण त्यात आपला संबंध आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, आणि १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी रेशनकार्डांसाठी असलेली ही योजना चौदा जिल्ह्यांतल्या, म्हणजे मराठवाड्याच्या आठ आणि विदर्भाच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांतल्या, शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही लागू केली गेली. ही काही मेहेरबानी नव्हती. या जिल्ह्यांतल्या आत्महत्यांचे आकडे देशभर गेले होते. २०२३ च्या जुलैत सरकारने ठरवले आणि १ जुलै २०२४ पासून ही योजना सर्व रेशनकार्डधारकांना लागू झाली. केंद्राच्या आयुष्मान योजनेशी ती जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात.

दुसरी गोष्ट ७० वर्षांवरील माणसांची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे. घर आधीच केंद्राच्या योजनेत असेल तर हे ५ लाख त्याहून वेगळे, आणि त्याला घरातली तरुण माणसे वाटेकरी नाहीत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असले तर मात्र ते दोघांत मिळून. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. खासगी कंपनी सत्तरीच्या मधुमेह्याला अशा अटीवर दारातही उभे करणार नाही.

कार्ड काढताना अडचणी येतात त्या वेगळ्याच. वय आधारवरचे धरतात. आपल्याकडे कित्येकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजाचे. चौऱ्याहत्तरीची म्हातारी कागदावर सहासष्टची असते. जन्मभर वखर-पाभर धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या, ठसा उमटत नाही. तिथे चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आहे, ती मागून घ्या, केंद्रवाल्याने परत पाठवले म्हणून घरी येऊ नका. रेशनकार्डाचेही पाहा. राज्याच्या योजनेत कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरची नावे. मुलांनी वेगळी कार्डे केली आणि म्हाताऱ्याचे नाव कुठल्याच कार्डावर राहिले नाही, असे झाले असेल तर ते आजच दुरुस्त करा. साठ ते सत्तर या दहा वर्षांत मुख्य भिस्त याच कार्डावर आहे.

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात की भीक नको, घामाचे दाम हवेत ही आपली घोषणा. मग सरकारी कार्डासाठी रांगेत उभे राहायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण १९ ऑगस्ट २०२५ रोजी सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले आणि वर्षअखेरपर्यंत ते काढलेलेच ठेवले. ऐन वेचणीच्या हंगामात. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून आपल्या भावातून जे कापले जाते, तो एक प्रकारचा हप्ताच आहे, आणि तो आपण वर्षानुवर्षे भरत आलो. उणे सबसिडी सोसणाऱ्याने दवाखान्यातली खाट घेताना लाजायचे कारण नाही. उद्या घामाचे दाम पुरते मिळाले तर आम्हीच म्हणू की आपापला विमा आपण घेऊ. तोपर्यंत कार्ड सोडणे म्हणजे लुटणाऱ्याला सूट देणे आहे.

कार्ड मिळाले म्हणजे सगळे झाले, असे मात्र कोणी समजू नये. कार्ड चालते ते दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांना, यादीतल्या दवाखान्यात. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत, ते खासगीत फुकट मिळत नाहीत. आपल्या तालुक्यात यादीतला दवाखाना आहे का, हृदयाचे कुठे होते, हाडांचे कुठे, हे आजारी माणूस गाडीत घातल्यावर विचारायचे नसते. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, आधी त्याला गाठा. अनामत रक्कम मागितली तर पावती मागा आणि १५५३८८ या क्रमांकावर तिथूनच फोन लावा. आयुष्मानचा क्रमांक १४५५५.

आणि खरा खर्च तर दाखल होण्याचा नसतोच. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, दम्याचा पंप हे महिन्याच्या महिन्याला लागते आणि मरेपर्यंत लागते. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचे औषध धरले आहे. सोळाव्या दिवसापासून आपण आणि आपला खिसा. इथे एकच आधार आहे : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या असल्या तर हा निर्णय लाखमोलाचा, नसल्या तर भिंतीवरचा कागद. गोळी परवडत नाही म्हणून म्हातारा एक दिवसाआड घेतो, मग अर्धांगवायू होतो, मग पाच लाखांचे कार्ड कामाला येते. कमी खर्चाचा उपचार रोगी आडवा होईपर्यंत लांबवायचा, हे अर्थशास्त्र कुठले?

आता खासगी पॉलिसी. नवरा-बायको दोघेही पासष्टीचे, ५ लाखांचे संरक्षण, आणि एजंटाने हप्ता ४० हजार सांगितला असे धरू. कंपनीप्रमाणे आकडा कमी-जास्त होईल. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे सव्वापाच क्विंटल कापूस, आणि तोही हमीभावाने विकला गेला तर. कोरडवाहूत चांगल्या साली एका एकरातला सगळा कापूस त्यात जातो. बियाणे, फवारणी, वेचणीची मजुरी वजा न करताच. ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपये हमीभावाने जवळपास अकरा क्विंटल.

हा झाला पहिल्या वर्षाचा हप्ता. विमा नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितले की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. म्हणजे १० टक्क्यांपर्यंत विचारायचे कारण नाही. दरवर्षी तेवढा वाढला तर सात वर्षांत ४० हजारांचे ७८ हजार होतात. याच कापसाचा हमीभाव २०१८-१९ साली ५,१५० होता, तो सात वर्षांनी ७,७१० झाला. हप्ता दुपटीकडे आणि भाव दीडपट. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, एवढाच काय तो दिलासा.

शिवाय पॉलिसी घेतल्या दिवसापासून सगळे आजार तिच्यात येत नाहीत. आधीपासून असलेल्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागते. २०२४ पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही बहुधा मुदत असतेच. या काळात बोंडअळीने एक साल बुडवले, हप्ता चुकला, आणि सवलतीचे ३० दिवसही निघून गेले, तर पॉलिसी बंद. भरलेले पैसे गेले आणि पुन्हा घ्यायची तर मुदत पुन्हा पहिल्यापासून. पीक बुडाल्यावर आपण पुढच्या हंगामात पुन्हा पेरतो. इथे तसे होत नाही, कारण दुसऱ्या वेळी वय तीन वर्षांनी वाढलेले असते आणि हप्ताही. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्या घरात नोकरीचा पगार, दुकान, दूध किंवा ओलिताची खात्रीची दोन एकरे आहेत, त्याने पॉलिसीचा विचार जरूर करावा. ज्याचे सगळे पावसावर आणि कापसावर आहे, त्याने मोठ्या पॉलिसीच्या फंदात पडू नये.

घेणाऱ्याने कोणती घ्यावी? आरोग्य संजीवनी नावाची पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे. तिच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्या, हप्ता मात्र वेगवेगळा. त्यामुळे तुलना सोपी : तीन-चार कंपन्यांचे दर मागवा. इतर पॉलिसींत दोन कलमे एजंट वाचून दाखवत नाही. एक, बिलाचा किती टक्के वाटा आपण भरायचा. वीस टक्के असेल तर दोन लाखांच्या बिलात चाळीस हजार आपले. दुसरे, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादा पाच हजारांची आणि खोली दहा हजारांची घेतली, तर नुसते भाडेच नव्हे, डॉक्टरची फी आणि इतर बरेच खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

अर्ज एजंटाला भरू द्या, पण आजारांचा रकाना स्वतः वाचून सही करा, किंवा शिकलेल्या नातवाकडून वाचून घ्या. साखर असताना ‘काही नाही’ लिहिले की एजंटाचे कमिशन पक्के आणि आपला दावा कच्चा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पसंत नसेल तर परत करता येते. त्या ३० दिवसांत ती वाचा.

या सगळ्यात आम्हाला सतत आठवते ती सेवाग्रामची गोष्ट. चाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, भोवतालच्या खेड्यांत आरोग्याचा विमा उभा केला. त्याचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी, आणि सगळी सुगीत, धान्य घरात असताना. गावातली बहुसंख्य घरे आली तरच गाव योजनेत यायचे. गावच्या आरोग्यसेवकाच्या हाती औषधे आणि मोठ्या आजाराला रुग्णालयाचे दार उघडे. कोरडवाहू माणसाकडे पैसा केव्हा असतो, हे ज्याला कळले त्याने ही योजना आखली होती. आजच्या कंपन्यांना हप्ता जून-जुलैत मागताना ते कळत नाही. त्या महिन्यांत आपल्या घरात बियाण्याच्या उधारीशिवाय काही नसते. निदान एवढे तरी करा की पॉलिसी घ्यायचीच असेल तर ती डिसेंबर-जानेवारीत घ्या, म्हणजे दरवर्षीचा हप्ताही कापूस विकल्यावर येईल.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवत आहोत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या वर्षाचे बाराही महिने मिळाल्या पाहिजेत, आणि किती शिल्लक आहेत ते दर आठवड्याला फळ्यावर लिहिले पाहिजे. दुसरी, योजनेच्या यादीतले जिल्ह्यातले दवाखाने व तिथे होणारे उपचार यांचा तक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीत लागला पाहिजे. तालुकाप्रमुखांनी आपापल्या केंद्रात गेल्या तीन महिन्यांत गोळ्या किती दिवस नव्हत्या, याची नोंद बैठकीला आणावी. सत्तरीपुढच्या ज्यांची कार्डे आधारवरच्या वयामुळे अडली आहेत, त्यांची नावे गाववार लिहून आणावीत. निवेदन त्याच यादीसह द्यायचे आहे.