पडद्यावरचा कोरिया आणि दुसऱ्या मजल्यावरचं मणिपूर



"हल्लीच्या मुलांना सगळं जग माहीत असतं" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. मला ते अर्धंच पटतं. मुलांना जग खूप दिसतं, हे खरं. पण दिसणं आणि माहीत असणं यात फरक आहे की नाही?

कोरियाचंच उदाहरण घ्या. आमच्या लहानपणी कोरिया म्हणजे नकाशात चीनच्या कडेला लोंबणारा एक तुकडा. आता शाळकरी मुली मैत्रिणीला 'उन्नी' म्हणतात आणि डब्यात नूडल्स नेतात त्याही कोरियन. जुलै २०१२ मध्ये 'गंगनम स्टाईल' हे गाणं आलं आणि डिसेंबरपर्यंत यूट्यूबवर ते शंभर कोटी वेळा पाहिलं गेलं. तोवर कुठल्याच व्हिडिओला हे जमलं नव्हतं. मग बीटीएसची पोरं आली, २०२० साली 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं, २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' आलं. या सगळ्याचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे मुलांच्या फोनवर दिवसभर फिरत असतात.

मी याच्या विरोधात नाही बरं का! माझी नात नववीत आहे. तिने या नादात कोरियन लिपी शिकून घेतली. राजा सेजोंगने १४४६ साली सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावं म्हणून ती लिपी जाहीर केली, हे तिनेच मला सांगितलं. त्या भाषेत क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. वडीलधाऱ्यांशी बोलायची रूपं वेगळी असतात. मोठ्या भावाला, बहिणीला नावाने हाक मारत नाहीत. थंडीच्या तोंडावर घरोघरी किमची घालतात, आपल्याकडे उन्हाळ्यात लोणची-पापड होतात तशी. एवढं सारखेपण मुलीला आपणहून सापडलं, तर शिक्षिका म्हणून मला आनंदच आहे.

पण फोनचा एक स्वभाव आहे. तुम्ही जिथे थबकता, तेच तो पुन्हा पुन्हा वाढतो. मुली गोऱ्या नितळ चेहऱ्यांवर आणि सुंदर कॅफेंवर थबकतात, म्हणून कोरिया म्हणजे तेवढंच होऊन बसतं. नोव्हेंबरात तिथे बारावीच्या मुलांची जी परीक्षा असते, तिच्या इंग्रजी श्रवणाच्या वेळी विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात. केवढा ताण असेल त्या पोरांवर! २०२३ साली तिथला जन्मदर बाईमागे ०.७२ इतका खाली आला, जगात सर्वांत कमी. १९१० ते १९४५ जपानची सत्ता होती, आणि शेवटी शेवटी तर शाळांमधून त्यांची भाषाच हद्दपार झाली होती. १९५३ साली युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताचं सैन्य तिथे गेलं, त्याचं नेतृत्व आपल्या कोल्हापूरकडच्या एस. पी. पी. थोरातांनी केलं. यातलं काही नातीच्या फोनवर आलं नव्हतं. तिने थबकावं असं त्यात फोनला काही वाटलं नसावं.

इथपर्यंत सगळं ठीक आहे म्हणा. अर्धवट माहिती आमच्या पिढीलाही होतीच. माझी खरी तक्रार पुढे आहे.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दोन मुलींना भाड्याने द्यायचा होता. दोघी मणिपूरच्या, इथल्या एका रुग्णालयात नर्स. त्यावर चक्क सभा झाली. "त्यांच्या जेवणाला वास येतो," कुणी म्हणालं. "कसे लोक असतील कोण जाणे," दुसरं कुणी. सभेतल्या निम्म्या घरांत मुलं किमची मागवून खातात, तिला काय अत्तराचा वास येतो? मी उभी राहून म्हटलं, आपल्या कोकणातली सुकट भाजली की तीन मजल्यांना कळतं, मग तेव्हा कुणाला घराबाहेर काढायचं? शेवटी मालकाने फ्लॅट दिला. पण पहिल्याच आठवड्यात जिन्यात पोरांनी त्या मुलींना जे नाव ठेवलं, ते मी इथे लिहिणार नाही. त्याच पोरांच्या फोनच्या पडद्यावर, तशाच डोळ्यांचा कोरियन गायक!

म्हणजे बघा, पडद्यावर तो चेहरा देखणा आणि जिन्यात तोच चेहरा परका. पडद्यावरच्या प्रेमाला काही द्यावं लागत नाही. त्याला ना पाणी भरायचं असतं, ना लिफ्टमध्ये जागा हवी असते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आसामातल्या दंगलीनंतर ऑगस्ट २०१२ मध्ये खोटे फोटो आणि एसएमएस फिरले, आणि ईशान्येकडची हजारो माणसं बंगळूर, पुणे सोडून रेल्वेने गावी पळाली. सरकारला काही दिवस माणशी पाच एसएमएसची मर्यादा घालावी लागली. 'गंगनम स्टाईल'ला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. २०२० साली करोनाच्या दिवसांतही याच लोकांना रस्त्यात टोमणे ऐकावे लागले.

गंमत अशी की कोरियाचं वेड मणिपुरात आपल्या कितीतरी आधी पोचलं. २००० साली तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि ती जागा कोरियन वाहिनीने व सीडींनी भरून काढली. दुसऱ्या मजल्यावरची थोरली सांगत होती, तिच्या आईने कोरियन मालिका पाहिल्या तेव्हा आमच्या मुलांचा जन्मही झाला नव्हता. हे ऐकल्यावर नात आता तिच्याकडे जाऊन बसते. तिथे तिने 'ङारी' म्हणजे आंबवलेले मासे चाखले. आवडले नाहीत, पण तोंडही वाकडं केलं नाही.

तेव्हा पालकांनो, फोन हिसकावून घेऊ नका. त्याने काही साधत नाही. मुलांना एखाद्या देशाचं वेड लागलं तर त्यांना त्या देशाचा थोडा इतिहास वाचायला द्या आणि आपल्या जिन्यात, वर्गात, बाजारात वेगळ्या मुलखाचं कोण आहे ते विचारा. त्या माणसाचं नाव मुलाला नीट उच्चारता येत नसेल, तर त्याला दूरचा देश कळला असं मी तरी मानणार नाही.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? जरूर कळवा.